सात ठिकाणी ‘गुडघा’

त्या रविवारी रेल्वेच्या पुलाखाली मी मल्लूअण्णाच्या आधी पोचलो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला होता. पाच वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मी धापा टाकत यायचो तेव्हा तो कठड्याला सायकल टेकवून उभा असायचा आणि म्हणायचा, “या सर! पोरं उशिरा आली तर तुमी शाळेत काय करता?” आज हेच त्याला ऐकवायचं, असं मी ठरवलं होतं... तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. “सर, घराकडं या. ह्ये काय बोलंनात.” मी पोचलो तेव्हा सायकल अंगणात उभी होती, पंपाची नळी मागच्या चाकाला तशीच लावलेली. हवा भरता भरता तो पायरीवर बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. अठ्ठावन्न हे काय जायचं वय आहे?

मल्लूअण्णा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचा. चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक घर रंगवत मोर, कमळ, वेलबुट्टी भरायची आणि त्यावरून मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. संगणक आल्यावर ते कागद अडगळीत गेले, तेव्हा तो त्यांचे गठ्ठे सायकलला बांधून घरी घेऊन आला. मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि सायकलवर दोन्ही मिसळून. मी शाळेत गणित शिकवतो. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आणि सोलापूरजवळ वळसंगच्या चहाच्या टपरीवर हा माणूस भेटला. मी वेडावाकडा जोर लावला की मागून हाक यायची, “निधान, सर, निधान!” निधान म्हणजे हळू. माझं कन्नड तिथंच सुरू झालं आणि तिथंच संपलं.

कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या राष्ट्रीय उद्यानातून एक घाटरस्ता जातो. अण्णा तरुणपणी एकदा ट्रकमधून तिथून गेला होता. “लई देखणा रस्ता हाय, सर. ढग रस्त्यावर उतरत्यात. पर ट्रकात बसून काय बगितलं म्हणायचं?” तो रस्ता सायकलनं चढायचा, हे त्याच्या मनानं घेतलं होतं आणि एकट्यानं जायचं नाही, हेही. आमचं सोलापूर तळहातासारखं सपाट. चढ म्हणजे रेल्वेवरून जाणारा हा पूल. मग दुधाची तहान ताकावर भागवत आम्ही दर रविवारी तो पूल चाळीस-चाळीस वेळा चढायचो. पुलाखालच्या फुलवाल्या बायका आधी हसायच्या, नंतर फेऱ्या मोजायला लागल्या. उद्यानात वाटेल तिथं थांबता येत नाही, म्हणून अण्णा तिथल्या वनखात्याच्या चौकीवर फोन लावून कन्नडमध्ये तासतासभर चौकशा करायचा. पाणी कुठं, सावली कुठं, थांबू कुठं देतात... शेवटी शेवटी तिथला गार्ड त्यालाच फोन करून पावसाची खबर द्यायला लागला.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यानं मला घरी बोलावलं आणि भिंतीवरचा कागद दाखवला. चादरीच्या नक्षीचाच कागद, पण त्यावर अख्खा घाट काढलेला, घर न् घर हिरव्यानं भरलेलं. मी पाहिलं आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. चढ कसला, भिंतच होती ती! “बगा की सर, कसा झालाय?” त्याच्या डोळ्यांत नवी चादर मागावरून उतरल्याचा आनंद होता. मी म्हणालो, “छान आहे. पण अण्णा, माझा गुडघा हल्ली फार दुखतो हो...”

माझा गुडघा कधीच दुखला नव्हता. मी घाबरलो होतो, आणि तेवढं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. पुढच्या थंडीत जाऊ. घाट कुटं पळून जातोय?” घाट नाही पळून गेला. वर्षभर मी लंगडण्याचं सोंग काढत राहिलो आणि तो मला पुलाच्या मधोमध विसावा देत राहिला.

तो गेल्यावर पाचेक आठवड्यांनी वहिनींनी निरोप पाठवला, कागद घेऊन जा म्हणून. भिंतीवर तोच कागद होता. या वेळी मी जवळ गेलो. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: उभं एक घर दहा मीटर, आडवं एक घर अर्धा किलोमीटर. तीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगतोय की आलेख वाचण्याआधी प्रमाण वाचा! एका कागदात मावावा म्हणून त्यानं घाट आडवा दाबला होता, म्हणून तो भिंतीसारखा दिसत होता. खरा चढ आमच्या पुलासारखाच होता, फक्त लवकर न संपणारा. मी नुसतं विचारलं असतं तरी त्यानं हसून सांगितलं असतं.

आणि त्या हिरव्या चढावर आता लाल पेन्सिलीच्या सात खुणा होत्या, या वर्षात केलेल्या. प्रत्येक खुणेपाशी जागेचं नाव कन्नडमध्ये, आणि खाली मला वाचता यावं म्हणून मराठीत एकच शब्द: ‘गुडघा’.

मला राहवलं नाही. म्हणालो, “वहिनी, माझा गुडघा कधी दुखलाच नाही. मी खोटं बोललो होतो.”

वहिनी चहाचा कप ठेवत म्हणाल्या, “त्यास्नी म्हाईत हुतं की. तुमी येताना डावा पाय धरत हुता आन् जाताना उजवा.”

“मग ते बोलले का नाहीत?”

“मी म्हणलं हुतं त्यास्नी, सरांना इचारा म्हणून. तर म्हणले, सर भ्यालेत. भ्यालेल्या माणसाला थांबायला कायतरी कारण पायजे, ते काढून घेऊ नये.”

त्यांच्यासमोर मी रडलो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं दुसऱ्याच्या घरी असं रडावं का, कोण जाणे. वहिनींनी मला रडू दिलं आणि कागदाची गुंडाळी करून तिला चादरीच्या काठाची चिंधी बांधून दिली.

तो कागद आता माझ्या खोलीत, टेबलासमोर आहे. रविवारी पूल चढतो. फुलवाल्या अजून मोजतात, पण मोठ्यानं नाही. परवा चौकीवर फोन लावला, मोडक्या हिंदीत अण्णाची बातमी सांगितली. पलीकडच्या गार्डनं मला रस्ता कधी कोरडा होतो ते सांगितलं. थंडी पडली की जाणार आहे. निधान जाणार आहे, आणि सातही ठिकाणी थांबणार आहे... गुडघा दुखत नसला तरी.