सासुरवाडीचा तारांकित प्रश्न

माझ्या थोरल्या दिरांना उत्तर देऊन सुखरूप सुटलेला माणूस नाशिक जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. मंत्री, तहसीलदार, एसटीचे कंडक्टर, केळीवाला, माझा नवरा, सगळे त्यांच्या तावडीतून गेलेले आहेत. भाऊजी एकदाच, पाच वर्षांसाठी, आमच्या डोंगराकडच्या मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले. तिथे त्यांना तारांकित प्रश्नाची चव लागली. आमदाराने आधी लेखी द्यायचा आणि मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, असा हा प्रश्न. इतर आमदारांना मुंबईत आणखी कशाकशाची चव लागते म्हणतात. आमच्या भाऊजींना एवढीच लागली, आणि आमदारकी गेली तरी ती काही गेली नाही.

अशा प्रश्नाची मांडणी ठरलेली असते. अमुक एक गोष्ट घडली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? भाऊजी घरातही याच चालीवर बोलतात. चहात आलं नव्हतं, हे खरे आहे काय, असल्यास ते आणण्याची जबाबदारी कोणावर सोपवण्यात आली होती, असं ते सकाळी विचारतात आणि जाऊबाई शांतपणे सांगतात की तुमच्यावर. घरातल्या बहुतेक चौकश्यांत शेवटी तेच दोषी निघतात, पण म्हणून चौकशी थांबवावी असं त्यांना कधी वाटलेलं नाही. सोसायटीच्या सभेत त्यांनी एकदा विचारलं की लिफ्ट बंद असल्याची बाब सेक्रेटरींच्या निदर्शनास आली आहे काय. सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. ते म्हणाले, नाही आली. मग ती निदर्शनास न येण्याची कारणे काय, या मुद्द्यावर सभा जेवणवेळेपर्यंत चालली. आता आमच्या सोसायटीत सेक्रेटरी होण्यापेक्षा लोक फ्लॅट भाड्याने देऊन दुसरीकडे राहायला जातात. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं धोरण विचारलं. मुलाला दरदरून घाम फुटला. लग्न झालं, सुखात आहेत, पण जावई आजही आमच्याकडे यायच्या आधी फोन करून विचारतो, मोठे काका घरी आहेत का.

गंगापूर रोडला माझं औषधांचं दुकान आहे. आमदारकी गेल्यावर भाऊजी संध्याकाळी तिथे स्टुलावर येऊन बसायला लागले. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाला ते विचारायचे की हा खोकला केव्हापासून आहे, तो आटोक्यात आणण्यासाठी आजवर कोणते प्रयत्न झाले आणि ते अपुरे पडले असल्यास का पडले. गिऱ्हाईक बावरून समोरच्या दुकानात जायचं. मी स्टूल उचलून आत ठेवलं. तर ते उभ्याने विचारायला लागले, म्हणाले, सभागृहात उभं राहूनच विचारायचं असतं. एक मात्र कबूल करते. या माणसाने कधी आवाज चढवला नाही. मी एकदा कंपनीच्या एजंटवर ओरडत होते तेव्हा तो गेल्यावर मला म्हणाले, "आवाज चढवलास की समोरचा आवाजालाच उत्तर देतो. प्रश्न आपला जिथल्या तिथे राहतो." तेव्हा मला राग आला होता. पण तेव्हापासून माझा माल वेळेवर येतो.

एवढे प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा एकच प्रश्न राहून गेला, आणि तो नेमका घरचा होता. जाऊबाईंचं माहेर म्हणजे पेठच्या पुढे, घाट चढून गेल्यावर लागणारा एक पाडा. तिथे आरोग्य उपकेंद्राची इमारत उभी होती, तिला रंग होता, पाटी होती आणि दाराला कुलूप होतं, कारण नर्स नव्हती. जाऊबाईंच्या भाचीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला जीपमध्ये घालून खाली आणत होते. बाळंतपण जीपमध्येच झालं. दोघी वाचल्या, ते नशीब. जाऊबाई फार बोलत नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याच्या मागे लकडा लावला की माझ्या माहेरच्या नर्सचं विचारा. भाऊजींनी इतर सगळ्या गावांचे रस्ते, शाळा, पाझर तलाव विचारले, आणि हा प्रश्न मात्र मागे ठेवला. सासुरवाडीसाठी विचारतो म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. जाऊबाईंनी एकदाच विचारलं, माझ्या माहेरी राहतात ती माणसं नव्हेत का? त्यानंतर प्रश्न विधानसभेत गेला.

तो सभागृहात आला त्या दिवशी मी दुकानात मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून बसले होते. भाऊजींची तयारी दांडगी होती. कुलपाचे फोटो, ग्रामसभेचा ठराव, जीपवाल्याचं म्हणणं, सगळं फाइलमध्ये. छापील उत्तरात नेहमीप्रमाणे 'हे अंशतः खरे आहे' असं आलं होतं, आणि आता उलट प्रश्न विचारून मंत्र्यांना उघडं पाडायचं होतं. भाऊजी उभे राहिले. त्यांनी पहिलं वाक्य बोलायच्या आतच मंत्री उठले आणि म्हणाले की अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्य म्हणतात ते अगदी खरं आहे, तिथे नर्स नाही, आणि हा विषय मांडल्याबद्दल मी त्यांचं मनापासून अभिनंदन करतो. बाकं वाजली. पाच वर्षांत भाऊजींना मंत्र्याने 'अगदी खरं आहे' म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांची सगळी तयारी 'अंशतः खरे' या उत्तरासाठी होती. ते फाइल छातीशी धरून क्षणभर तसेच उभे राहिले, मग म्हणाले, मी मंत्रिमहोदयांचा अत्यंत आभारी आहे. आणि खाली बसले. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

संध्याकाळी मुंबईहून त्यांचा फोन आला. सरकारने मान्य केलं, असं ते आनंदाने सांगत होते. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नर्स कधी येणार?" पलीकडून भाऊजी म्हणाले, तेवढं विचारायचं राहिलं.

ते अधिवेशन शेवटचं ठरलं. निवडणूक लागली आणि भाऊजी पडले. त्यांना पाडलं ते एका तरुण बाईने, आधी शाळेत शिकवणाऱ्या, बोलायला तिखट. तिने प्रचारसभेत विचारलं होतं की या आमदारांना आपण विधानसभेत काय आभार मानायला पाठवलं होतं का. भाऊजींनी ते भाषण मोबाइलवर दोनदा ऐकलं आणि म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. उपकेंद्राचं कुलूप तसंच राहिलं. माहेरून कोणाच्या आजारपणाचा फोन आला की त्या दिवशी जाऊबाई फक्त ताट वाढायच्या आणि आत निघून जायच्या. चार माणसांसमोर पडल्यापेक्षा भाऊजींना ते ताट जास्त जड जात असावं.

दोन वर्षांनी एका सकाळी ही नवीन आमदार थेट भाऊजींच्या दारात. मी तेव्हा जाऊबाईंना त्यांच्या गोळ्या द्यायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं समोर बसून पाहिलं.

"काका, वरच्या पाड्याच्या नर्सचा प्रश्न लागलाय माझा," ती म्हणाली. "तुमच्यावर उपकार नाहीत हां. तिथे मला मतं पडलीत."

"मलाही पडली होती," भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच आले. खाली कसं बसायचं ते सगळ्या राज्याने पाहिलंय. उभं कसं राहायचं ते सांगा."

दुसरा कोणी असता तर चहासुद्धा विचारला नसता. भाऊजींनी उपरणं खांद्यावर टाकलं, सोफ्याच्या मधोमध बसले आणि म्हणाले, मी मंत्री, विचारा. आणि काय सांगू, या माणसात एवढा मुरलेला मंत्री दडलाय हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. ती विचारायची नर्स कधी देणार, हे हसतमुखाने सांगायचे की शासन याबाबत सकारात्मक आहे. ती म्हणायची, पण कधी? हे म्हणायचे, पदभरतीची प्रक्रिया प्रगतिपथावर आहे. ती चिडली की हे तिचं अभिनंदन करायचे. तिसऱ्या अभिनंदनाला ती गडबडली आणि हे म्हणाले, लवकरात लवकर नर्स देण्यात येईल. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नागलीचं पीठ लागलेल्या हातांनी जाऊबाई बाहेर आल्या.

"लवकर म्हणजे कधी? महिना सांगा."

भाऊजी मंत्री म्हणून दचकले की नवरा म्हणून, कळायला मार्ग नव्हता. ते म्हणाले, अध्यक्ष महोदय, प्रेक्षक गॅलरीतून बोलता येत नाही.

"मग आज गॅलरीतून भाकरीपण येणार नाही," जाऊबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमदारबाई पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या आणि मला म्हणाल्या की 'महिना सांगा' हेच वाक्य मी तिथे म्हणणार. निघताना भाऊजी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि हळूच म्हणाले, "ताई, मंत्र्यांनी खरं आहे म्हटलं की फार बरं वाटतं. तेवढं एक सांभाळा."

प्रश्नाच्या दिवशी आम्ही सगळे भाऊजींकडे टीव्हीसमोर. ताईंचा प्रश्न यादीत बराच खाली होता. प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत तो आला नाही, तर राहिलाच. वरच्या प्रश्नांवर एकेक सदस्य लांबलचक प्रस्तावना करत होते आणि भाऊजी टीव्हीला हात जोडून सांगत होते, बाबांनो, भाषण नको, प्रश्न विचारा. जाऊबाई घड्याळाकडे पाहत होत्या. अगदी शेवटी ताईंचं नाव पुकारलं गेलं. मंत्री आता दुसरे होते, उत्तर तेच. खरं आहे, नर्स नाही, सदस्यांचं अभिनंदन. भाऊजी नकळत उठून उभे राहिले. तिकडे ताईही उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, अध्यक्ष महोदय, आभार मी नंतर मानते, आधी महिना सांगावा. सभागृह हसलं. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या बाजूला पाहिलं, कोणीतरी चिठ्ठी पुढे केली, आणि ते म्हणाले की दिवाळीपूर्वी. भाऊजींनी टीपॉयवर दोन्ही हातांनी बाक वाजवल्यासारखं वाजवलं. जाऊबाईंनी फक्त विचारलं, कोणत्या सालची दिवाळी?

दिवाळीपूर्वी काही नर्स आली नाही. पण सभागृहात बोललेलं मागे घेता येत नाही आणि ताईंनी मंत्र्यांचा पिच्छा सोडला नाही, त्यामुळे संक्रांतीच्या सुमाराला ती आली. आम्ही तिघं माझ्या गाडीने वर गेलो. पाड्यातली निम्मी माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली गेली होती, तरी उपकेंद्राच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. जाऊबाईंचा भाऊ भेटला. मोकळा माणूस. भाऊजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ताईनी आनली बघा नर्स. दाजी, तुमच्यानं नाय झालं ते."

जाऊबाईंनी तोंड उघडलं. त्या रिहर्सलचं सांगणार, हे मला कळलं. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहून किंचित मान हलवली आणि मेव्हण्याला म्हणाले, "हो, ताईंनीच आणली." मग जाऊबाईंनी पदराने नवऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकली. धूळ फारशी नव्हती.

नंतर भाऊजी उपकेंद्राच्या दारात जाऊन उभे राहिले. नर्स कोवळी पोरगी होती, कोणाच्या तरी बाळाचं वजन करत होती. तिने वर न बघता सांगितलं, बाबा, रांगेत बसा, नंबर आला की बोलावते. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते मुकाट्याने जाऊन ओट्याच्या टोकाला, शेवटच्या बाईच्या पलीकडे बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून नंबर यायची वाट पाहू लागले. मला चारला दुकान उघडायचं होतं. मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.