नावं गाळून केलेली पुस्तिका

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरी विषय निघाला की "कंपनीने तिला काढलं" एवढंच म्हणायचो. त्यात माझाही एक 'हो' होता, हे कधी बोललो नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी अंबडमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कंपनी कारखान्यांसाठी स्टॉकचे प्रोग्रॅम करायची आणि ते वापरायच्या सूचना मी सोप्या मराठीत लिहायचो. वीसेक मुलंमुली एकाच खोलीत बसायची, पण बोलायची चॅटवर. कोणाचं काही अडलं की ग्रुपवर प्रश्न पडायचा, आणि उत्तर बहुतेक वेळा सिन्नरहून रोज बसने येणाऱ्या एका मुलीचं असायचं.

"ताई, वाचवा! रिपोर्ट अडकला."

"आधी एरर दाखव, मग रड."

"कस्टमर डोक्यावर बसलाय हो!"

"बसू दे. सर्व्हर बंद करू नकोस. अर्धवट राहिलेली एंट्री शोध आणि ती काढ."

तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, हे मालकांच्या लक्षात आलं. त्यांनी मला जुनं सगळं चॅट वाचून उपयोगी उत्तरांची पुस्तिका करायला सांगितली. काम किचकट होतं. सकाळचं उत्तर संध्याकाळी बदललेलं असायचं, आणि मधे वाढदिवस, चहा, थट्टा. मी सारखा त्या मुलीच्या टेबलाशी जायचो.

"अगं, हे तुझं उत्तर अजून चालतं का?"

"नाही सर, ते जुनं. खाली बघा, मीच मला शिव्या घातल्यात."

हातातलं काम बाजूला ठेवून ती मला समजावून सांगायची. पुस्तिकेत मी प्रश्न आणि उत्तर तेवढं ठेवलं, नावं गाळली. कारखान्यातल्या सूचनांवर कधी कोणाचं नाव नसायचं, तीच सवय. मुखपृष्ठावर मात्र 'संकलन' लिहून खाली माझं नाव घातलं. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तीही टाळ्या वाजवत होती.

पुढे एक मोठा ग्राहक सुटला आणि माणसं कमी करायची ठरली. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर स्क्रीनवर कोणी किती कामं संपवली याची यादी होती. तिची कामं इतरांच्या निम्मी.

"दिवसभर चॅटवर असते ही," ते म्हणाले. "आणि तिला जे येतं ते तुमच्या पुस्तिकेत आलंच आहे ना?"

पुस्तिकेतली बहुतेक उत्तरं तिची आहेत, ती देण्यातच तिची कामं मागे पडली, हे त्या इमारतीत फक्त मी पुरतं वाचलेलं होतं. पण या वयात मिळालेली खुर्ची होती, नुकतंच झालेलं कौतुक होतं. मी म्हणालो, "हो, बहुतेक सगळं आलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. 'सर, मला उद्यापासून येऊ नको म्हणालेत. तुम्ही सगळं चॅट वाचलंय. मी दिवसभर काय करत होते ते साहेबांना सांगाल का?' मी तो उघडला. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. मी केबिनमध्ये गेलो नाही आणि उत्तरही दिलं नाही.

मागच्या वर्षी इंदिरानगरला भाजी घेताना ती अचानक समोर आली. "सर, गुडघे काय म्हणतात?" तिने आपणहून विचारलं. मग म्हणाली, "ती पुस्तिका वापरतात का हो अजून?"

"वापरतात," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. मी मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिलो. मग ती गेली.

तिचा मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्याच्याखाली मी कितीदा तरी लिहिलं आणि पुसलं: 'ती उत्तरं तुझी होती. मला माहीत होतं, तरी मी बोललो नाही. मला माफ कर.'