जीपची डिस्क, लाल गाडीला

मोतीरामची नक्कल करायची तर आधी घसा खाकरायला लागतो. तोही एकदा नाही, दोनदा. मग खालचा ओठ पुढे काढायचा आणि म्हणायचं, "आसं हाय बघा." पुढे कसं आहे ते मोतीराम बहुतेक वेळा सांगायचाच नाही, कारण ऐकायला समोर कोणी नसायचं. सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर. "आसं हाय बघा" बहुतेक त्यांनाच.

माणूस निफाडकडचा. एका कंपनीत बावीस वर्षं टर्नर होता. अठ्ठ्याण्णवला कंपनी बंद पडली, पुढच्या वर्षी बायको कुसाबाई गेली, आणि मुलगी उज्ज्वला सुरतेला दिलेली. शेडच्या मागच्या खोलीत कॉट आणि स्टोव्ह. समोर मंगलाबाईची चहाची टपरी, तिथेच त्या ओळीतला एकुलता एक फोन. मंगलाबाई त्याला दिवसाचे चार चहा द्यायची आणि प्रत्येक चहाबरोबर एक टोमणा. "आज काय मशिनीशी भांडण झालं का भाऊ? तोंड उतरलंय." मोतीरामचं दिवसभराचं माणसांशी बोलणं एवढंच.

दोन हजार तीनच्या दसऱ्याआधी तीन आठवडे शेडसमोर एक लाल गाडी येऊन थांबली. दोन सीटची, कमरेएवढी उंच. मंगलाबाई म्हणाली, ही गाडी आहे का कुणाची चप्पल राहिलीय. तिच्यातून कॉलेज रोडचा रोहित बाहेर पडला, आधी गुडघे आणि मग डोकं. त्याच्या प्रत्येक वाक्याला "ॲक्च्युअली"ची फोडणी. ॲक्च्युअली त्याला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरायचं होतं, आणि ॲक्च्युअली पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, घासून पातळ झाल्या होत्या. जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. नव्या डिस्क बाहेरून मागवायच्या तर तेवढ्यात एक जुनी मोटारसायकल आली असती.

मोतीरामने जुनी डिस्क हातात घेऊन फिरवली, कडेवरून नख ओढलं, आणि घसा खाकरला. दोनदा.

"आसं हाय बघा. जीपची डिस्क घ्यायची. ओतीव बीड चांगलं, जाडी तीच. बाहेरून लेथवर उतरवू, भोकं नवी पाडू. लोखंडाला काय ठाव, ते कोणाच्या गाडीला बसलंय?"

पाच वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं "आसं हाय बघा" शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

रोहित रोज संध्याकाळी यायला लागला. उपड्या डब्यावर बसून ट्रॅकच्या गोष्टी सांगायचा. सरळ पट्ट्यावर गाडी कशी सुटते, वळणाआधी ब्रेक किती उशिरा मारायचा, तापलेल्या डिस्क कशा लाल होतात. मोतीराम लेथवर वाकून ऐकायचा आणि एका कामाला दोन दिवस लावायचा. घाई कोणाला होती? एका संध्याकाळी रोहित सहज म्हणाला की काका, तुम्हीपण चला की चेन्नईला. टेम्पोत गाडी, पुढे आपण. तिथे आपला माणूस पाहिजे.

दुसऱ्या दिवशी हे मंगलाबाईला चार वेळा ऐकावं लागलं, दर चहाला एकदा. तिसऱ्या दिवशी मोतीरामने नवी बॅग आणली. मंगलाबाईने विचारलं, लग्नाला चालला का? तो म्हणाला, तसंच समज.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डिस्क बसल्या. मोतीरामने डिस्क बसते त्या हबवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, कारण खाली गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क डगमगते. डगमग मोजायची डायल लावून डिस्क हळूहळू फिरवली. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. चाकं त्याने मुद्दाम चढवली नाहीत. पूजा झाल्यावर चढवू म्हणाला.

कंपनीत दसऱ्याची पूजा म्हणजे अडीचशे माणसं. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ आणि तेलात कालवलेल्या शेंदराची पाच बोटं. नव्या वस्तूला शेंदूर लागल्याशिवाय ती वापरायची नाही हा तिथला नेम. या वर्षी मोतीरामने कंपनीतल्या सहा जुन्या सोबत्यांना निरोप धाडला होता. चटई घातली, पेढे आणले. दहा वाजले, अकरा वाजले. एक पुण्याला मुलाकडे होता, बाकीच्यांचं काय झालं कळलं नाही. बारा वाजता त्याने एकट्यानेच आरती म्हटली, स्वतःच टाळ्या वाजवल्या. लेथला पाच बोटं, ड्रिलला पाच, ग्राइंडरला पाच. हात चालतच राहिला. दोन्ही डिस्कना पाच-पाच. मग त्याने चाकं चढवली.

ब्रेकला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही हे बावीस वर्षं दुसऱ्यांना ओरडून सांगणारा माणूस हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहित गाडी घेऊन गंगापूरकडे गेला. नव्या डिस्क रुळवायच्या होत्या, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ब्रेक मारून, डिस्कला दोन्हीकडून आवळणारे पॅड त्यांच्यावर नीट बसवायचे. तासाभराने गाडी हळूहळू आणून शेडसमोर लावली आणि पायाने दगड उडवत आत आला. पहिल्याच ब्रेकला गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली आणि एका द्राक्षबागेच्या तारेला जाऊन टेकली. त्याला काही झालं नव्हतं, पण पुढचा दिवा फुटला होता.

मोतीरामने चाक उतरवलं. पॅडवर नारिंगी तेलकट थर होता. मागे उभ्या रोहितला तो दिसला नाही.

रोहित रागावलाही नव्हता, हीच पंचाईत. तो म्हणाला, "जाऊ दे काका. जीपची ती जीपचीच. तुमचा काय दोष? काढून टाका, तिथे कोणाच्या तरी जुन्या मिळतील. तुम्ही तयार राहा, गुरुवारी निघायचंय."

मोतीरामने पाठमोऱ्यानेच पॅड काढून हातात घेतला. गप्प राहिलं की काम भागत होतं. डिस्क भंगारात गेल्या असत्या आणि तो चेन्नईला गेला असता. घसा न खाकरता तो बोलला.

"डिस्कचा दोष नाय. मी शेंदूर लावला. तेलातला."

रोहितने पॅड हातात घेतला, नाकाशी नेला. नारिंगी झालेली बोटं रुमालाला पुसली.

मोतीरामने दोन्ही डिस्क पेट्रोलने धुतल्या, घासल्या, नवे पॅड घातले. संध्याकाळी रोहितने पुन्हा त्याच रस्त्यावर दहा ब्रेक मारले. गाडी जागच्या जागी थांबत होती. डिस्क उत्तम आहेत, तो म्हणाला. मग किल्लीशी खेळत म्हणाला की काका, तुम्ही इकडे दुकान बघा. तिकडे एवढी धावपळ, तुम्हाला झेपायची नाही. त्याने वाल्मीक नावाचा दुसरा मेकॅनिक ठरवला होता. आवाज गोड होता, अगदी आजारी माणसाशी बोलतात तसा.

गुरुवारी टेम्पो शेडवरून गेला. मोतीराम लेथ चालू करून उभा होता. काम पकडायच्या चकमध्ये काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी मंगलाबाईने हाक मारली, चेन्नईचा फोन. रोहित ओरडून बोलत होता. सोळा फेऱ्या झाल्या, डिस्क ना तडकल्या ना डगमगल्या, आणखी एक जोडी करून ठेवा. मोतीराम हं हं करत राहिला. मग त्याने विचारलं, वळणावर आवाज कसा येतो?

रोहितने बहुधा मोबाईल ट्रॅककडे धरला. फोनमधून वारा ऐकू आला, मग एकामागोमाग एक गाड्या, लांबून चढत येणाऱ्या आणि एकदम दबणाऱ्या. मोतीराम एका हाताने दुसरा कान दाबून उभा होता. ब्रेक मारल्यासारखा पाय जमिनीवर हळूच दाबायचा, सोडायचा.

मंगलाबाईने चहा गाळला, दोन गिऱ्हाइकं चहा पिऊन गेली. तिने जवळ येऊन फोनला कान लावला. आत नुसता टूं टूं.

"ठेव आता भाऊ. लाईन कवाच गेली."

"थांब," मोतीराम म्हणाला, "एक वळण राहिलंय."