गोबाशीची विद्यापीठातली नोकरी

तांता शहरात रेल्वे फाटकामागे इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या गोबाशीला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणून पहिलंच खोटं त्याने गरजेपेक्षा मोठं बोलून ठेवलं.

त्याच्या काखेत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी काही आठवडे रोज सकाळी किरणांच्या यंत्राखाली झोपायला बोलावलं. त्या गल्लीत कर्करोगाचं नाव कुणी घेत नाही. ‘तो आजार’ म्हणतात, तेही आवाज उतरवून. बापाला असला तर लेकीतही शोधतात. आणि लेकीचं, रबाबचं लग्न वग्दीशी ईदनंतर ठरलेलं. होणारी सासू हाज्जा इन्साफ तर अशी, की तिने रबाबच्या मेलेल्या आजोबांच्या दातांचीसुद्धा चौकशी केली होती.

“लग्न लागेपर्यंत तोंडाला कुलूप,” बायको तवहीदाने बजावलं.

शेजाऱ्याने विचारलं, “रोज कडक इस्त्रीचा कोट घालून कुठे?”

“विद्यापीठात. काम लागलंय.”

कर्करोग केंद्र विद्यापीठाचंच होतं, तेव्हा निम्मं तरी खरं. आठवड्याभरात गल्ली त्याला प्राध्यापकासारखं ‘उस्ताद’ म्हणू लागली. एकाने मुलाच्या प्रवेशासाठी बदक आणून दिलं.

“परत करा,” तवहीदा म्हणाली.

“काय सांगून? नोकरी नाही म्हणून?”

बदक खावं लागलं. चांगलं होतं.

मग एके दुपारी स्वतः हाज्जा इन्साफ आली आणि तिने दुकानाचं दार आतून लावलं.

“उस्ताद, तुमची तिथे ओळख. माझ्या छातीत गाठ लागलीय हाताला. विद्यापीठाच्या त्या दवाखान्यात दाखवायचंय. वग्दीला कळता कामा नये.”

गोबाशीच्या हातातली इस्त्री कुणाच्या तरी बाहीवर तशीच राहिली. नेलं तर बिंग फुटणार, लग्न मोडणार. पण बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“उद्या सकाळी या,” तो म्हणाला.

केंद्राच्या दारात रखवालदार उठून उभा राहिला. “या काका, सकाळ प्रकाशाची!” चहावालीने न मागता कमी साखरेचा दिला. कोणत्या खिडकीशी आधी जायचं, कोणती डॉक्टरीण धीराने बोलते, गोबाशीला सगळं पाठ. हाज्जाची तपासणी झाली, गाठीतला तुकडा काढून घेतला, निकाल पुढच्या आठवड्यात.

“मोठी वट आहे हो तुमची,” हाज्जा कौतुकाने म्हणाली. गोबाशीची छाती जराशी फुगली.

तेवढ्यात यंत्रावरची हनाअ दारातून ओरडली, “गोबाशीकाका! यंत्र खोळंबलंय तुमच्यासाठी. कोट काढा, शर्ट काढा, चला!”

हाज्जाने एकदा दारावरची पाटी वाचली, एकदा त्याच्याकडे बघितलं.

“हे काम?”

“हेच.”

“काय करायचं असतं?”

“पडून राहायचं. हलायचं नाही.”

त्याने काढलेला कोट तिने हातातून घेतला. आत तो इतका निपचित पडला, की हनाअने दोनदा “काका, श्वास घ्या” म्हणून सांगितलं. रबाबला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

बाहेर आला तर हाज्जा कोट मांडीवर घेऊन बसलेली.

“वग्दीला सांगणार?” त्याने विचारलं.

“आज संध्याकाळीच. तुमचं सांगते, माझंही सांगते. दोन्ही ऐकून पळाला, तर मला तो मुलगा नको आणि तुम्हाला जावई नको.”

“आणि नाही पळाला तर?”

“तर लग्न लवकर उरकू, निकाल काहीही येवो. माझे केस गळायच्या आत फोटो निघाले पाहिजेत.” तिने कोट त्याच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. “पण फ्रीज मुलीकडून दोन दारांचाच हवा. आजाराचं निमित्त काढून एका दारावर आणाल!”

गोबाशीचा श्वास मोकळा झाला. शर्टाच्या गुंड्या वरखाली लावत तो उसळून म्हणाला, “दोन? तुम्ही कपाट तरी तीन दारांचं दिलंत का?”

“कपाटात काय ठेवायचंय तुमच्या लेकीचं? चार झगे!”

“चार? मोजायला आल्या होतात?”

हनाअने दार उघडलं. “बाहेर जाऊन भांडा. आत पेशंट आहे.”

“आम्हीही पेशंटच आहोत,” हाज्जा इन्साफ म्हणाली, आणि पुन्हा कपाटाच्या भांडणाकडे वळली.