मोगराताई, किंग ऑफ धुळे आणि मंडळी

फोनची मेमरी भरली की गुड मॉर्निंगचे फोटो उडवता येतात. किस्स्यांचं काय करायचं? जळगाव-धुळ्याकडच्या परसबागवाल्यांच्या एका मोबाइल ग्रुपची मी ॲडमिन आहे. रोपं, बिया, खत यांची देवाणघेवाण, एवढाच आमचा उद्देश. पण इथे कोण कुठल्या नावाने नि कसला फोटो लावून येऊन बसेल, काही नेम नाही!

*

धुळ्याचे नाना, रिटायर्ड पोस्टमन. फोन नातवाने सुरू करून दिला आणि नावही त्यानेच टाकलं, 'किंग ऑफ धुळे'! नानांचा पहिला मेसेज: "मिरचीवर मावा पडला आहे. कृपया उपाय सांगावा."

कोणीतरी चिडवलं, "किंगच्या राज्यात मावा?"

नाना म्हणाले, "राज्य एका गॅलरीचं शे. पन आपलं शे!"

मी फोन करून विचारलं, "नाना, नाव बदलून देऊ का?"

"राहू द्या हो. आयुष्यभर 'ओ पोस्टमन' ऐकलं."

*

आमच्याकडे बहुतेकांचे डीपी फुलांचे. त्यामुळे धुळ्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा कोणी कोणाला ओळखेना! "मी जास्वंद." "मी पिवळी शेवंती." सगळे वाट बघत होते मोगराताईंची. डीपीला मोगरा, बोलणं गोड, प्रत्येकाच्या रोपाची मायेने चौकशी.

तेवढ्यात झुबकेदार मिशांचे सहाफुटी गृहस्थ पुढे आले. "नमस्कार. मी मोगरा."

रिटायर्ड फौजदार!

"अहो, आम्ही इतके दिवस ताई ताई म्हणतोय, सांगायचं नाही का?"

ते लाजले. "सगळे माझ्याशी इतकं छान बोलत होते. बाहेर लोक मला बघूनच गप्प होतात."

अजूनही ग्रुपवर ते मोगराताईच आहेत.

*

शिरपूरचे एक प्राध्यापक. त्यांचं लिहिणं म्हणजे पाठ्यपुस्तक! "सुप्रभात. मेथीच्या संवर्धनाविषयी मार्गदर्शन अपेक्षित आहे." एकदा चुकून त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे बादलीचा आवाज आणि सर घरच्या बोलीत आईला ओरडताहेत, "माय वं, इतलं पानी नको टाकू! बठ्ठी मेथी सडी जाई!"

मेसेज लगेच डिलीट झाला. पाठोपाठ सरांनी ग्रुपच सोडला. मी फोन केला, उचलेनात. शेवटी मेसेज आला, "वर्गात मुलं हसायची मला, माझ्या बोलीवरून. तेव्हापासून जपून बोलतो."

मी नानांना सांगितलं. नानांनी सरळ त्यांना व्हॉइस मेसेज धाडला, "बेटा, परत ये. तुनी मेथी सडनी का वाचनी?"

संध्याकाळी सर ग्रुपवर परत आले. उत्तर मात्र त्यांच्या आईच्या आवाजात होतं, "वाचनी, नाना, वाचनी!"

*

जळगावचे भास्करभाऊ आमचे चौकशी अधिकारी. नवीन माणूस आला की गाव, घर, कुंड्या, सगळी विचारपूस करणार. मागे त्यांच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा मला फोन आला. मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला होता, नंबर भाऊंकडे अजून नव्हता.

"मलापण घ्या ग्रुपमध्ये. पण नाव 'मंगल' लिहिणार. माहेरचं. लग्नात बदललं, त्यानंतर त्या नावाने कोणी हाकच मारली नाही."

"भाऊंना सांगू?"

"नको. बघू, ओळखतात का."

मी घेतलं. भाऊ लगेच हजर! "मंगलताई, स्वागत. आपण कुठल्या?"

"मूळ पारोळ्याची. आता जळगावात असते."

"अरे वा! माझी सासुरवाडी पारोळ्याचीच! फार मायाळू माणसं तिकडची. माझी बायकोही तशीच. तिच्यामुळेच आमच्या घरात हिरवळ आहे."

मंगलताईंचा पुढचा मेसेज आला,

"हे कधी त्यांना सांगितलंत का?"

"नाही हो. राहूनच गेलं."

"मग आता स्वयंपाकघरात येऊन सांगा. भाकरी निवतेय."