टॉकीजवर सोडा
काल भडंगाची पुडी फोडली, लसणाचा खमंग वास आला आणि सांगलीच्या एसटी स्टँडबाहेरची ती रिक्षा आठवली. गाव सोडून तेव्हाच बरीच वर्षं झाली होती, पण शाळासोबत्यांच्या मोबाइल ग्रुपमुळे तिथली एकही बातमी मी चुकवत नव्हतो. त्या ऐटीतच मी रिक्षावाल्याला आमच्या चौकाचं नवंकोरं नाव सांगितलं. ऊन रणरणत होतं, मांडीवर नुकतीच घेतलेली भडंगाची पुडी होती. त्यानं मागं वळून मला नीट न्याहाळलं. “पावनं, असला चौक सांगलीत न्हाई. दुसऱ्याच गावात उतरलायसा जनू.” माझ्याच गावात मी पाव्हणा! मी चिडून म्हणालो, “अहो, टॉकीज पाडून तिथं काचेची इमारत झाली, तो चौक!” “आवं, मग टॉकीजवर सोडा म्हना की! टॉकीज पाडली म्हनून नाव बी पाडलं व्हय?” हसत हसत त्यानं रिक्षा पळवली आणि त्या चकचकीत काचांसमोर थांबवून म्हणाला, “उतरा, आली टॉकीज.” ग्रुपवर अजूनही रोज सांगलीच्या बातम्या येतात. मी सगळ्या वाचतो. फक्त नवी नावं तेवढी लगेच विसरून जातो.