शेवटाआधी उठणारे आम्ही

बाळांनो, नाटकांच्या सीडी मिळतात, घरी बसून आरामात बघ, असं तुम्ही फोनवर सांगता. तुमच्या आईने दोन पाठवल्याही. मी त्या पाहिल्या. कुकरची शिट्टी झाली की थांबवता येतात, हीच त्यांची खोट. थांबवता येणाऱ्या गोष्टीची धाकधूक वाटत नाही. समोरची नटी वाक्य विसरली की मी खुर्चीच्या कडेला सरकते, तेव्हा कुठे मला नाटक बघतेय असं वाटतं.

मी ठाण्याची, कॉन्व्हेंटात शिकलेली. लग्न होऊन भिवंडीत आले. धामणकर नाक्याजवळ तुमच्या आजोबांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. दिवसपाळी सुटून रातपाळी लागते त्या वेळी मालक कारखान्यात हजर पाहिजे, हा त्यांचा नेम. त्यात पुढे ठाण्याच्या वाटेवर मानकोलीला गोदामं वाढली, रस्त्यावर कंटेनरची रांग लागू लागली. रविवारी दुपारी ठाण्याला नाटकाला गेलो, तरी शेवटच्या प्रवेशाआधी उठायचं, हे लग्नापासूनच ठरलेलं. तिकिटंसुद्धा ते मागची, कडेची काढत. कॉलेजात इंग्रजी नाटकं मी शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, पाहिलं एकही नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्या नाटकांचा शेवट मात्र मला मानकोलीच्या गर्दीत, गाडीत बसून रचावा लागे.

"एवढा काय इचार करतेस? एकाला मारून टाक, संपलं," आजोबा म्हणत.

मध्यंतरातला बटाटावडा झाला की माझं चित्त उडे. नट बोलत असत आणि मी शेजारी आजोबांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत असे. तिसऱ्या अंकातली माणसं मला नेहमी घाईत असल्यासारखी वाटत. घाई त्यांना नव्हती, मला होती.

एका रविवारी मी गाडीतच सांगून टाकलं, "आज मी शेवट बघणार."

"बघ की. लवकर संपवा म्हणावं त्यांना."

नाटक दोन बहिणींचं होतं. वर्षानुवर्षं बोलणं तुटलेलं. थोरली आजारी, एकटी. धाकटी बॅग घेऊन दाराबाहेर येऊन उभी राहिली, तिने बेल वाजवली, आणि नेमका माझ्या कोपराला धक्का लागला.

"उठ गो. मानकोलीला ट्रक लागले असतील."

"तुम्ही व्हा पुढे."

"आन् तू?"

"मी येईन रिक्षाने."

"भिवंडीपर्यंत? येडी हाईस काय?"

मागून कोणी तरी खेकसलं, "ओ काका, भांडण घरी जाऊन करा. खाली बसा नाहीतर बाहेर व्हा!"

ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. आता मी मोकळी होते, पण बसवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. खरंच गेले असतील का? पुन्हा बेल वाजली. थोरली खुर्चीतून उठली. तिची चाल इतकी संथ की तिला हाताला धरून दारापाशी न्यावंसं वाटलं. तिने कडीवर हात ठेवला.

पडदा पडला.

माझा संतापच झाला. इतक्या वर्षांनी शेवट पाहायला मिळाला आणि तो असा! मी वळून बघते तो आजोबा नाट्यगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला उभे. गेलेच नव्हते. खिशातला मोबाईल उजळत होता, बहुधा कारखान्यातल्या मुकादमाचा फोन. त्यांनी तो काढला नाही.

मी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "उघडलं का न्हाय?"

"मलाही तेवढंच दिसलं."

"म्हणजे काय? पैसे घेतात न् दार उघडत न्हाय?"

एवढ्यात पडदा पुन्हा वर गेला. सगळे नट रांगेत उभे होते, मधोमध त्या दोन बहिणी, एकमेकींचा हात धरून, हसत. नाटक संपल्यावर कलाकार असे पुढे येऊन नमस्कार करतात, हे मी ऐकून होते. पाहिलं त्या दिवशी.

"बघ," आजोबा म्हणाले, "घेतलं की घरात."

"अहो, त्या बहिणी नाहीत आता. त्या नट्या आहेत. हा नाटकाचा भाग नाही."

"मग हात कशाला धरलेत?"

मी समजावायला लागले. पात्र वेगळं, नटी वेगळी, लेखकाने शेवट मुद्दामच अर्धा सोडलाय, वगैरे. माझ्या मनातली कडी तर अजून लागलेलीच होती. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते टाळ्या वाजवत होते.